बर्फाची विमानवाहू नौका: ‘हबक्कूक’ प्रकल्प नेमका कुठे अडला

सप्टेंबर १९४२ मध्ये लॉर्ड लुई माउंटबॅटन यांच्या लंडनमधल्या कचेरीत अमेरिकेहून एक टिपण आलं. पानं २३२. लिहिणारे होते जेफ्री पाइक. माउंटबॅटन तेव्हा ब्रिटनच्या ‘कम्बाइन्ड ऑपरेशन्स’ या विभागाचे प्रमुख होते आणि पाइक त्यांच्याकडे नव्या कल्पना शोधायच्या कामावर होते. टिपणातला मुद्दा थोडक्यात असा: पोलाद मिळत नाही, ॲल्युमिनियम मिळत नाही, पण पाणी आणि थंडी मुबलक आहे. तेवढ्याच वजनाचं पोलाद करायला जी ऊर्जा लागते तिच्या एक टक्क्यात बर्फ तयार होतो. मग अटलांटिक महासागराच्या मध्यावर विमानतळ हवा असेल तर तो बर्फाचाच का बांधू नये?

या प्रकल्पाला नाव मिळालं ‘हबक्कूक’. बायबलमधल्या या संदेष्ट्याच्या ग्रंथात, सांगितलं तरी तुमचा विश्वास बसणार नाही असं काम तुमच्या काळात होणार आहे, अशा अर्थाचं वचन आहे. सरकारी कागदांत या नावाचं स्पेलिंगही चुकीचं पडलं आणि तसंच चालू राहिलं.

ही नौका कधी बांधली गेली नाही. ‘बर्फ वितळला असता म्हणून’ असं कारण सर्रास सांगितलं जातं, आणि ते चूक आहे. वितळण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला होता. प्रकल्प अडला तो दुसऱ्याच ठिकाणी, आणि ते ठिकाण समजून घेण्यासाठी आकडे नीट पाहावे लागतात.

गरज कोणती होती

१९४२ या एका वर्षात जर्मन पाणबुड्यांनी दोस्त राष्ट्रांची ६० लाख टनांहून जास्त क्षमतेची जहाजं बुडवली. उत्तर अटलांटिकमध्ये कॅनडा, आइसलँड आणि ब्रिटनच्या किनाऱ्यांवरून उडणारी विमानं ठरावीक अंतरापर्यंतच जाऊ शकत. मधला पट्टा उघडा राहायचा आणि पाणबुड्या नेमक्या तिथेच टोळीने थांबायच्या. विमान डोक्यावर असलं की पाणबुडीला पाण्याखाली जावं लागतं. त्या काळातली पाणबुडी पाण्याखाली इतकी संथ चाले की मालवाहू ताफ्याला गाठणंही तिला जमत नसे. म्हणजे विमानाने तिला बुडवलं नाही, नुसतं खाली ठेवलं, तरी ताफा वाचायचा. त्या उघड्या पट्ट्यात विमान कुठून तरी उडालं पाहिजे, एवढीच मूळ मागणी होती.

चर्चिल यांना कल्पना आवडली. डिसेंबर १९४२ मधल्या त्यांच्या चिठ्ठीत भर होता तो निसर्गाकडून काम करून घेण्यावर: उत्तरेकडच्या बर्फाच्या थरातून मोठा तुकडा कापायचा, वरून सपाट करायचा, ओढत आणायचा. तपासाअंती हा मार्ग लगेच बंद झाला. तरंगत्या नैसर्गिक हिमनगाचा जेमतेम दहावा भाग पाण्यावर असतो, धावपट्टीला पुरेल एवढा सपाट माथा मिळत नाही, आणि खालचा भाग झिजला की हिमनग उलटतो. बर्फ माणसाने बनवायचा, हे त्यानंतर ठरलं.

लगदा आणि पाणी

साधा बर्फ बांधकामाला वाईट. तो कमजोर आहे ही अडचण त्या मानाने लहान. तो बेभरवशाचा आहे ही मोठी. एकाच पाण्याच्या, एकाच तापमानाच्या दोन तुळयांवर भार टाकला तर एक तुळई दुसरीच्या कितीतरी कमी भाराला मोडते, आणि मोडते तीही काचेसारखी, आधी काही न दाखवता. अभियंत्याला कमी ताकदीचा माल चालतो, तो जाडी वाढवतो. ताकदीचा अंदाजच येत नसेल तर मात्र जाडी किती ठेवायची हेच ठरत नाही.

यावरचा उपाय न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन पॉलिटेक्निकमध्ये हर्मन मार्क आणि वॉल्टर होहेनस्टाइन यांनी दाखवला. गोठवण्याआधी पाण्यात कापूस किंवा लाकडाचा लगदा मिसळला की बर्फ कमालीचा चिवट होतो. हा अहवाल लंडनला मॅक्स पेरुत्झ यांच्या हाती आला. व्हिएन्नाला शिकत असताना मार्क हे त्यांचे प्राध्यापक होते. पेरुत्झ यांनी १९३८ मध्ये स्वित्झर्लंडच्या युंगफ्राउयोख इथे हिमनदीच्या बर्फाचे स्फटिक तपासले होते, म्हणून हे काम त्यांच्याकडे आलं. (पुढे १९६२ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते हिमोग्लोबिनच्या रचनेसाठी.) नव्या मिश्रणाला नाव पडलं पायक्रीट, म्हणजे पाइक यांचं काँक्रीट.

आपल्याकडे बर्फाची लादी भुशात पुरून किंवा गोणपाटात गुंडाळून ठेवतात. १८३३ मध्ये बॉस्टनहून कोलकात्याला जहाजाने बर्फ आला तोही अशाच उष्णता अडवणाऱ्या आवरणाच्या आधाराने. तिथे भुसा बाहेर असतो आणि फक्त उष्णता अडवतो. पायक्रीटमध्ये लाकूड आत जातं आणि ताण घेतं. शेणमातीच्या भिंतीत किंवा कच्च्या विटेत गव्हाचं काड घालतात, त्याच्याशी हे जास्त जुळतं: माती दाब पेलते, काडी चीर पसरू देत नाही. चीर धाग्यापाशी पोचते, धागा तिला पूल घालतो, आणि पुढे फाटत जायला आणखी जोर लागतो. म्हणून मिश्रणात लगदा हवा, कारण त्यात लांब धागे असतात. रंध्याचा बारीक भुसाही चालतो, पण धागा जितका आखूड तितका फायदा कमी.

पेरुत्झ यांनी प्रयोगांतून काढलेलं प्रमाण वजनाने १४ टक्के लगदा आणि ८६ टक्के पाणी. चार टक्क्यांपासूनच फरक दिसू लागतो. जास्त घातला तर मिश्रण पातळ राहत नाही, साच्यात नीट बसत नाही आणि हवेचे पोकळ खिसे राहतात. कमी घातला तर गोठण्याआधी लगदा एका बाजूला जमतो आणि उरलेला भाग साधा बर्फच राहतो.

ताकदीचे आकडे असे: दाबाखाली चुरा होण्याची मर्यादा साध्या बर्फाची सुमारे ३.४ मेगापास्कल (दाब-ताण मोजायचं एकक), पायक्रीटची ७.६. ताणाखाली बर्फ १.१ ला तुटतो, पायक्रीट ४.८ ला. काँक्रीट दाबाखाली १७ पर्यंत टिकतं पण ताणाखाली १.७ लाच तडकतं. जहाजासाठी ताणाचा आकडा महत्त्वाचा. दोन लाटांच्या माथ्यांवर टोकं टेकली की मध्य खाली वाकतो. एका लाटेवर मध्य आला की दोन्ही टोकं लोंबतात. दर खेपेला डेक किंवा तळ यांपैकी एकावर ताण येतोच. रायफलची गोळी साध्या बर्फात ३६ सेंटिमीटरच्या आसपास शिरते आणि ठोकळा फोडते. पायक्रीटमध्ये ती १६ सेंटिमीटरवर रुतून बसते, साधारण विटांच्या भिंतीइतकीच.

या चाचण्या लंडनच्या स्मिथफील्ड मांस बाजाराखाली, जमिनीत पाच मजले खोल असलेल्या शीतगृहात चालल्या. तिथलं तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्याही खाली. पेरुत्झ यांच्या हाताखाली केनेथ पॅस्को हे विद्यार्थी आणि काही तरुण कमांडो होते, आणि थंडी सोसावी म्हणून वैमानिकांना देतात तसे विजेने तापणारे पोशाख मागवले होते. गोठवण्यासाठी त्यांनी वाऱ्याचा बोगदा बांधला. ओला लगदा त्यात ठेवायचा, गार हवेचा झोत सोडायचा, गोठला की करवतीने ठोकळे आणि तुळया कापायच्या, मग भार टाकून मोडायच्या.

पायक्रीटचा आणखी एक गुण इथे कळतो. त्याचा पृष्ठभाग वितळू लागला की पाणी निथळतं आणि ओल्या धाग्यांचा थर मागे राहतो. हा थर खालच्या बर्फाला गोधडीसारखा झाकतो आणि पुढचं वितळणं मंदावतं.

एक गोष्ट मात्र या मिश्रणाने हिरावून घेतली. साध्या बर्फाची घनता घनमीटरला ९१७ किलो, पायक्रीटची सुमारे ९८०, समुद्राच्या पाण्याची १०२५. गणित करून पाहा: ६० मीटर उंचीचा भरीव बर्फाचा ठोकळा पाण्यावर सहा मीटरहून जास्त राहील, पायक्रीटचा मात्र जेमतेम अडीच मीटर. अटलांटिकच्या लाटा अडीच मीटरवर थांबत नाहीत. म्हणून नौका भरीव ठेवता येईना. ती आतून पोकळ करावी लागली, आणि पोकळ म्हटलं की भिंती आल्या, भिंतींवरचा ताण आला, आत माणसं, इंजिनं आणि त्यांची उष्णता आली.

ओझ्याखाली सरकणारा बर्फ

प्रकल्पाचा खरा काटा इथे आहे. बर्फ घन दिसतो, पण दीर्घकाळ ओझं ठेवलं तर तो सरकत राहतो. डोंगरावरून हिमनदी वाहते ती बऱ्याच अंशी यामुळेच. बर्फाच्या स्फटिकात एकावर एक रचलेले थर असतात. बाजूने जोर आला की पत्त्यांच्या जुडीसारखे ते एकमेकांवरून घसरतात. धातुशास्त्रात याला क्रीप म्हणतात. लाल होईपर्यंत तापलेलं पोलाद असंच वागतं. शून्याच्या जवळचा बर्फ आपल्या वितळबिंदूच्या इतका जवळ असतो की त्याची अवस्था त्या लालबुंद पोलादाहूनही नाजूक असते.

लगदा घातल्याने चीर थांबते आणि सरकणंही मंदावतं, पण पुरतं थांबत नाही. तुळई मोडण्याची चाचणी काही मिनिटांत होते, त्यात पायक्रीट उत्तम ठरतं. तीच तुळई दोन टोकांवर टेकवून आठवडाभर ठेवली की ती मधोमध हळूहळू बसू लागते. अशी सहाशे मीटरची नौका स्वतःच्याच वजनाने वर्षभरात आकार बदलेल; डेक वाकडा होईल, प्रोपेलरचे आस रांगेतून सुटतील, आतल्या नळ्या सांध्यांवर फाटतील. मोजमापांतून निघालेला निष्कर्ष स्पष्ट होता: सरकणं काबूत ठेवायचं तर सगळं पायक्रीट उणे १५ ते उणे १६ अंशांवर ठेवलं पाहिजे.

या एका आकड्याने सगळा हिशेब बदलला. बर्फ फक्त वितळू द्यायचा नसेल तर उणे एक-दोन अंश पुरतात, आणि वरून चांगलं आवरण असेल तर फारसं काही करावं लागत नाही. उणे १५ म्हणजे नौकेच्या संपूर्ण अंगातून थंडावा फिरवणाऱ्या नळ्या, शीतयंत्रं, ती चालवायला वीज, आणि बाहेरून जाड उष्णतारोधक कवच. ते कवचही लाटांच्या माऱ्यात कोरडं राहिलं पाहिजे, कारण बुचाच्या लाकडात पाणी शिरलं की त्याचा रोधकपणा जातो. नळ्या पोलादाच्या. कवच धरून ठेवणारा सांगाडाही पोलादाचा. पोलाद वाचवायला निघालेली नौका पोलाद मागू लागली.

चालू नौका थंड ठेवण्याची उष्णता मात्र आवाक्यातली होती, हे ढोबळ गणितानेही दिसतं. पाण्याखालचं अंग एक लाख चौरस मीटरच्या थोडं वर धरू, समुद्र १० अंशांचा, आतलं पायक्रीट उणे १५ चं, मध्ये ३० सेंटिमीटर बुचाचं आवरण. आत झिरपणारी उष्णता चारशे किलोवॉटच्या आसपास येते, म्हणजे १२० टन क्षमतेचं वातानुकूलन. एखाद्या मोठ्या मॉलला याहून कितीतरी जास्त लागतं. आवरण शाबूत असेल तर भर समुद्रात नौका थंड राहिली असती. बांधताना ती मुळात गोठवायची कशी, हा त्याहून फार मोठा प्रश्न.

गोठवायचं कसं

बर्फाच्या कारखान्यात लादी कशी होते ते पाहिलेल्याला हे पटकन कळेल. पाण्याने भरलेला पत्र्याचा साचा ब्राइनच्या, म्हणजे शून्याखाली गार केलेल्या खाऱ्या पाण्याच्या, टाकीत उभा करतात. गोठणं बाहेरून आत सरकतं, मधला गाभा सगळ्यात शेवटी धरतो, म्हणून लादीच्या मधोमध पांढरट रेघ दिसते. आधी गोठलेला थरच पुढच्या उष्णतेच्या वाटेत आडवा येतो. त्यामुळे जाडी दुप्पट केली की वेळ चौपट लागतो.

उणे २० अंशांच्या पृष्ठभागाखाली साध्या पाण्याचा १० सेंटिमीटरचा थर साधारण दहा तासांत गोठतो. एक मीटरला चाळीस दिवस. बारा मीटरची भिंत एकदम ओतली आणि दोन्ही बाजूंनी गोठवली, तर गाभा धरायला जवळपास चार वर्षं जातील. लगद्यामुळे उष्णता आणखी सावकाश बाहेर पडते, म्हणजे पायक्रीटला हे आकडे वाढतातच. शिवाय बाहेरचं कवच घट्ट झाल्यावर आतलं पाणी गोठताना फुगतं आणि ठोकळ्याला आतून फोडतं. अर्थात एवढी जाडी एकदम ओतता येत नाही. बारीक थर द्यायचा, तो पूर्ण धरेपर्यंत थांबायचं, मग पुढचा. किंवा हाताळता येतील असे ठोकळे आधी गोठवायचे, ते रचायचे आणि सांध्यांत ओला लगदा भरून पुन्हा गोठवायचे. दुसरी पद्धत वेगवान, पण सगळी मदार सांध्यावर येते. ठोकळ्याच्या अंगावर गोठलेल्या दवाची साय राहिली तर सांधा साध्या बर्फाचा होतो आणि तिथूनच उकलतो. थरांची पद्धत चांगली चालते हे पुढे दिसलंही: २०१४ मध्ये नेदरलँड्सच्या आइंडहोवन तंत्रविद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी फिनलंडमधल्या युका इथे फुगवलेल्या साच्यावर पातळ मिश्रणाचे थर फवारून ३० मीटर व्यासाचा पायक्रीटचा घुमट उभा केला. त्याची भिंत मात्र नौकेच्या भिंतीपुढे पापडासारखी.

आता एकूण उष्णता. नौकेसाठी ३ लाख टन लगदा लागणार असं ठरलं होतं. १४ टक्क्यांच्या प्रमाणाने एकूण पायक्रीट झालं सुमारे २१ लाख टन, म्हणजे पाणी १८ लाख टनांच्या वर. हे पाणी चार अंशांपासून उणे १५ पर्यंत न्यायचं तर दर किलोमागे ३८० किलोज्यूल काढून घ्यावे लागतात. कॅनडाचा १५० दिवसांचा हिवाळा धरला तर दिवसरात्र, एकही दिवस न चुकता, ५४ मेगावॉट दराने उष्णता बाहेर काढायची. दीड टनाचे दहा हजार एसी एकाच वेळी लावले तर एवढं काम होईल. हिवाळ्याची हवा त्यातलं बरंच काम फुकट करते, पण मिश्रणाचा प्रत्येक थर त्या हवेला पुरेसा वेळ उघडा राहिला पाहिजे, आणि उणे १५ पर्यंत खात्रीने नेण्यासाठी यंत्रं हवीतच.

ब्रिटिश नौदलाच्या संशोधन खात्यातले सर चार्ल्स गुडइव्ह यांचा या प्रकल्पाला विरोध होता. त्यांच्या हिशेबाने एका नौकेला ४० हजार टन बुचाचं आवरण, ब्राइन फिरवायला हजारो मैल पोलादी नळ्या आणि चार वीजकेंद्रं लागणार होती. लगद्याची मागणी तर इतकी की कागदाच्या उत्पादनाला चिमटा बसला असता. त्यांची भाषा विरोधकाची होती, पण नळ्यांचा आणि बुचाचा मुद्दा बरोबर होता. वरचा उणे १५ चा आकडा मान्य केला की तो टळतच नाही.

मागण्या वाढत गेल्या

पाइक यांच्या मूळ कल्पनेत विमानं उतरवणारा तरंगता तळ होता. कागदावर आल्यावर प्रत्येक खात्याने त्यात भर घातली. नौदलाने सांगितलं, टॉर्पेडोने नौका फुटता कामा नये. म्हणून भिंत किमान १२ मीटर जाड. नौदलाच्या हवाई शाखेला जड बॉम्बफेकी विमानंही उडवायची होती. म्हणून डेक ६१० मीटर लांब. पल्ला ११ हजार किलोमीटर हवा, आणि आजवर नोंदलेली मोठ्यात मोठी लाट झेलता आली पाहिजे. विमानविरोधी तोफांखेरीज जोडनळीच्या साडेचार इंची तोफांचे ४० बुरूज, आणि दीडशेपर्यंत विमानं. रुंदी ९० मीटरच्या घरात, वजन २२ लाख टन. आपली आजची आयएनएस विक्रांत २६२ मीटर लांब आणि ४५ हजार टनांच्या आसपास आहे. तशा जवळजवळ पन्नास नौका एका वजनात. एवढं वजन तरंगायला किमान ४० मीटर खोल पाणी लागतं, म्हणजे बहुतेक बंदरांत तिला शिरताही आलं नसतं. दुरुस्ती, इंधन, दारूगोळा, सगळं उघड्या समुद्रातच.

इंजिनांची उष्णता आतल्या भिंतींना लागू नये म्हणून वाफेवरच्या जनित्रांतून वीज घ्यायची आणि ती बाहेर, नौकेच्या अंगावर स्वतंत्र कवचांत बसवलेल्या २६ विद्युत मोटरींना द्यायची, असं ठरलं. एकूण ताकद ३३ हजार अश्वशक्ती, दर मोटरीला बाराशेच्या वर. वेग मिळणार होता सहा-सात नॉट, म्हणजे ताशी ११ ते १३ किलोमीटर. ही मोटरींची मांडणी आजही विचारपूर्वक केलेली वाटते. एक मोटर गेली तर २५ उरतात, आणि दोन्ही बाजूंच्या मोटरींचा वेग कमी-जास्त करून वळताही येतं. पण नौदलाने सुकाणू हवंच असा आग्रह धरला. त्यासाठी तीस मीटरहून उंच सुकाणू लागणार होतं. ते बर्फाच्या शेपटीवर कशाच्या आधाराने टांगायचं आणि कसं फिरवायचं, हे शेवटपर्यंत सुटलं नाही. सुकाणूचा बिजागर सगळा भार एका जागी टाकतो, आणि एका जागी सतत येणारा भार ही पायक्रीटची सर्वांत दुबळी बाजू.

पॅट्रिशिया तळं

कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात, जॅस्पर राष्ट्रीय उद्यानातल्या पॅट्रिशिया तळ्यावर १९४३ च्या हिवाळ्यात छोटं मॉडेल उभं राहिलं: १८ मीटर लांब, ९ मीटर रुंद, वजन हजार टन. लाकडी चौकट आणि डांबर चढवलेलं आवरण, आत बर्फाचे ठोकळे आणि त्यांतून थंडावा फिरवणाऱ्या धातूच्या नळ्या. आवरण आणि शीतयंत्रणा यांची चाचणी हा त्याचा हेतू. बांधणारे होते युद्धात शस्त्र धरायला धर्मश्रद्धेने नकार दिलेले तरुण. सैन्याऐवजी त्यांना अशी नागरी कामं देत. आपण काय बांधतो आहोत हे त्यांना सांगितलं नव्हतं. ज्यांनी युद्धसामग्रीला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं, त्यांच्याचकडून विमानवाहू नौकेचा नमुना करून घेतला गेला. या प्रकरणातली ही गोष्ट टोचते, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

एक अश्वशक्तीच्या मोटरीवर हे हजार टन उन्हाळाभर गोठलेले राहिले. ‘वितळलं असतं’ म्हणणाऱ्यांना हे तळं पुरेसं उत्तर आहे. पण या मॉडेलने क्रीपबद्दल जवळजवळ काहीच सांगितलं नाही, आणि ते सांगू शकतही नव्हतं. लांबी, रुंदी, उंची सारख्याच प्रमाणात वाढवली तर वजन घनाच्या पटीत वाढतं आणि ते पेलणारा छेद फक्त वर्गाच्या पटीत. १८ मीटरचे ६१० मीटर केले, म्हणजे ३४ पट, तर स्वतःच्या वजनाने येणारा ताणही सुमारे ३४ पट. तळ्यावर लाटाही नव्हत्या. शीतयंत्रणेची चाचणी म्हणून मॉडेल उत्तम होतं. ढाच्याची चाचणी म्हणून त्याच्याकडे बघायला नको होतं.

पहिला अंदाज होता ३ लाख टन लगदा, २५ हजार टन फायबरबोर्ड, ३५ हजार टन लाकूड, १० हजार टन पोलाद आणि ७ लाख पौंड खर्च. एप्रिल १९४३ मध्ये पेरुत्झ यांनी पाइक यांना कळवलं की काही चाचण्या मे महिन्यात पुऱ्या झाल्या नाहीत तर १९४४ मध्ये नौका मिळणार नाही. मे उजाडेपर्यंत क्रीपचं गांभीर्य सगळ्यांना कळलं होतं. पोलाद वाढवायला हवं, आवरण सुधारायला हवं; खर्च २५ लाख पौंडांवर गेला. येत्या हंगामात हे काम होणार नाही असं कॅनडाने सांगितलं. हिवाळा हीच कार्यशाळा असलेल्या कामात एक हंगाम चुकणं म्हणजे अख्खं वर्ष जाणं.

तोवर समुद्रात काय झालं

त्याच मे १९४३ मध्ये अटलांटिकची लढाई फिरली. जादा इंधनटाक्या बसवलेली लांब पल्ल्याची लिबरेटर विमानं किनाऱ्यावरून उडून मधल्या पट्ट्यापर्यंत पोचू लागली. त्या महिन्यात जर्मनीने ४० हून जास्त पाणबुड्या गमावल्या आणि २४ मे रोजी जर्मन नौदलाचे प्रमुख ॲडमिरल डोनिट्झ यांनी उत्तर अटलांटिकमधून टोळ्या मागे घेतल्या. ऑगस्टमध्ये पोर्तुगालने अझोर्स बेटांवरचे तळ वापरायला संमती दिली. अमेरिकेत हेन्री कायझर यांच्या गोदीत कॅसाब्लांका वर्गाच्या छोट्या विमानवाहू नौका बाहेर पडू लागल्या: पहिली ८ जुलै १९४३ रोजी, पन्नासावी बरोबर वर्षाने, ८ जुलै १९४४ रोजी नौदलात दाखल. प्रत्येकीचं वजन सामान्य भाराने आठ हजार टनांच्या आसपास. बर्फाच्या नौकेला पहिल्या, सर्वांत आशावादी अंदाजानेही १० हजार टन पोलाद लागणार होतं.

ऑगस्ट १९४३ मध्ये क्वेबेकला दोस्त राष्ट्रांची परिषद भरली. माउंटबॅटन यांनी तिथे दोन ठोकळे मांडले आणि रिव्हॉल्व्हर काढलं. साध्या बर्फाचा ठोकळा पहिल्या गोळीत फुटला. पायक्रीटवर आदळलेली गोळी उसळून जमलेल्या सेनाप्रमुखांच्या पायांजवळून गेली. प्रात्यक्षिक म्हणून याहून परिणामकारक काही सापडणार नाही, आणि ते खोटंही नव्हतं. पण गोळी लागते तो क्षण सेकंदाच्या हजाराव्या भागाचा. त्या क्षणात पायक्रीट सर्वांत बळकट असतं. ज्या गुणावर नौका उभी राहणार होती, महिनोन्महिने ओझं पेलण्याचा, तो पिस्तुलाने दाखवता येत नाही. खोलीत बसलेल्यांना माल पाहायला मिळाला, अडचण पाहायला मिळाली नाही.

पेरुत्झ यांना पुढच्या कामासाठी अमेरिकेला पाठवायचं होतं. ते जन्माने ऑस्ट्रियन. १९४० मध्ये ब्रिटनने त्यांना शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून पकडून कॅनडातल्या छावणीत धाडलं होतं. आता त्याच सरकारने त्यांना घाईने ब्रिटिश नागरिकत्व दिलं. ते वॉशिंग्टनला पोचले, पण काम पुढे सरकलं नाही. क्वेबेकमध्येच माउंटबॅटन यांची आग्नेय आशियातल्या दोस्त फौजांच्या सर्वोच्च सेनापतिपदी निवड झाली आणि ऑक्टोबरमध्ये ते दिल्लीला आले. प्रकल्पाच्या पाठीशी उभा राहील असा दुसरा वजनदार माणूस लंडनमध्ये उरला नाही. डिसेंबर १९४३ मध्ये प्रकल्प मंडळाची शेवटची बैठक झाली. पायक्रीटची मोठी नौका अव्यवहार्य आहे, कारण तिला लागणारी उत्पादनसाधनं प्रचंड आहेत आणि तांत्रिक अडचणी सुटलेल्या नाहीत, असा निर्णय नोंदवला गेला.

पेरुत्झ यांनी १९४८ मध्ये हे सगळं मोजमाप हिमनद्यांच्या अभ्यासकांसमोर मांडलं. त्या लेखात नौकेच्या वर्णनासोबत गोठलेल्या लगद्याच्या गुणधर्मांवरून हिमनद्या कशा वाहतात याचा विचार आहे. नौकेला ज्या गुणाने अडवलं, तोच तिथे अभ्यासाचा विषय झाला.

पॅट्रिशिया तळ्यावरची शीतयंत्रणा काढून नेली आणि मॉडेल तिथेच सोडून दिलं. यंत्राशिवायही ते पूर्ण वितळायला तीन उन्हाळे लागले. लाकडी भिंती आणि धातूच्या नळ्या तळाशी बसल्या. १९७० च्या दशकात पाणबुड्यांना, म्हणजे बुडी मारणाऱ्या माणसांना, त्या पुन्हा सापडल्या. तिथे आता पाण्याखाली एक फलक आहे, आणि गार, स्वच्छ पाण्यात उतरणाऱ्याला त्या नळ्यांच्या रांगा अजून दिसतात.